गोष्टीची जुडी

दिवाळी सरली. सकाळी भाजीवाला म्हणाला, "बाई, परवा येनार नाही मी. आमच्या गावची मंडई हाये." एवढं बोलून त्यानं वांगी तोलली आणि गाडी ढकलत पुढं गेला. मी मात्र पिशवी हातात धरून दारातच उभी राहिले.

आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडई म्हणजे भाजीचा बाजार नव्हे. दिवाळीनंतर गावोगाव एकेक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, जावई येतात, चौकात दंडारीचा नाचगाण्याचा खेळ रंगतो, जिलेबीच्या कढया चढतात. हलका धान कापून झालेला असतो, भारी अजून बांधीत, म्हणजे शेतात, उभा असतो, आणि साऱ्या शिवारावर कापलेल्या धानाचा ओलसर, गोडूस वास पसरलेला असतो. त्या वासानं लोकांना नव्या भाताची भूक लागते. मला बेचैन व्हायला होतं. माझ्या नाकात त्या वासाच्या मागोमाग तंबाखूचा खकाणा शिरतो, आणि मग दिवसभर कशात मन लागत नाही.

आत सून फोनवर कुणाशी तरी बोलत होती. "तुमच्याकडे झाली का पगारवाढ? आमच्याकडे नुसती चर्चाच. बरं, काल पाहिलंस का, शेवटी तिनं त्याला घराबाहेर काढलंच!" एका दमात पगार आणि मालिका. मुलगा म्हणतो, हिच्या गप्पांना शेंडा ना बुडखा. मी त्याला म्हटलं, बाबा रे, असल्याच गप्पांवर तुझी आई सासरी चार वर्षं तगली आहे. त्याला ते खरं वाटलं नाही. आईबापांनी सोसलेलं मुलांना नेहमी वाढवून सांगितल्यासारखंच वाटतं.

माझं माहेर भंडाऱ्यातलं. मॅट्रिक झाले आणि सानगडीला दिली. सासर कोष्ट्याचं, पण मी आले तेव्हा घरातला माग बंद पडून दोन पावसाळे झाले होते. मागाच्या खड्ड्यात कोंबडी अंडी घालायची आणि सासरे ते बघून तोंड फिरवून घ्यायचे. घर चालायचं ते बिड्यांवर. नवी नवरी म्हणून मला चार दिवस सवलत मिळाली. पाचव्या दिवशी सासूबाईंनी सूप, कात्री आणि पान कापायचा पत्र्याचा साचा पुढ्यात ठेवला. "मॅट्रिक झाल्यानं बोटं काही वेगळी होत नाहीत," असं त्या म्हणाल्या नाहीत, पण म्हणणार होत्या हे मला चेहऱ्यावरून कळलं.

दुपारी आमच्या आळीतल्या बाया परबताबाईच्या सपरीत जमत. सपरी म्हणजे घरापुढची पडवी. पाय पसरून, मांडीवर सूप घेऊन आम्ही गोल करून बसायचो. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, चिमूटभर तंबाखू, बोटांचा एक झटका, दोऱ्याचे दोन वेढे, की झाली बिडी. पंचवीस बिड्यांची एक जुडी, आणि दिवसाला प्रत्येकीनं हजार बिड्या भरायच्या. सुरुवातीला खोकून खोकून माझा जीव जायचा. मला सगळ्या 'मास्तरीनबाई' म्हणत. कौतुकानं म्हणत की चेष्टेनं, हे मी कधी ठरवू शकले नाही.

आणि त्या गोलात कौसाबाई होती.

कौसाबाईचा नवरा कामाला म्हणून नागपूरला गेला आणि तिकडचाच झाला. घरात ती आणि तिची ठार बहिरी सासू. उजव्या हाताची दोन बोटं कधीतरी मोडून वाकडीच जुळलेली. त्यामुळं तिचा हात सगळ्यांत हळू. पण तोंड! महिन्यातून एकदा ती बाजाराच्या निमित्तानं साकोलीला जायची, टॉकीजमध्ये दुपारचा खेळ बघायची, आणि दुसऱ्या दिवशी तो सिनेमा आमच्या सपरीत उतरायचा. ती सांगायची म्हणजे नुसतं सांगायची नाही. सासू झाली की पदर खोचायची, खलनायक झाली की एक भुवई वर चढवायची, पाऊस आला की सूप डोक्यावर धरायची. गाणी म्हणायची, घोडा पळवायची. एक सिनेमा तीन-तीन दुपारी पुरवायची, आणि नेमकं नायिकेला डाकू उचलून नेतात तिथं म्हणायची, "आता उद्या. मले बुडीले जेवाले घालाचं हाये."

सिनेमा सांगायला हात मोकळे लागतात, आणि हात मोकळे म्हणजे बिड्या शून्य. हे परबताबाईच्या लक्षात आलं. परबताबाई म्हणजे जिभेला धार आणि हिशेबाला पक्की; पण मनातून वाईट नव्हती, हे आजही म्हणते. तिनंच एके दिवशी आपल्या सुपातली एक जुडी उचलून कौसाबाईच्या सुपात टाकली. "घे, आमच्यापायी तुह्या हजारात खोट नको." मग तो रिवाजच पडला. गोष्ट संपली की प्रत्येकीनं एक जुडी टाकायची. गोष्टीची जुडी. कुणी मागत नव्हतं, कुणी मोजत नव्हतं. वाकड्या बोटांच्या कौसाबाईचे हजार भरायचे ते या जुड्यांनी, आणि संध्याकाळी ती ताठ मानेनं सट्टेदाराकडे जायची. सट्टेदार म्हणजे कारखान्याचं पान-तंबाखू गावात वाटणारा आणि वळलेल्या बिड्या गोळा करणारा ठेकेदार. ज्या बाईचे हजार वारंवार भरत नाहीत तिचं पान तो बंद करायचा. पान बंद म्हणजे चूल बंद, याला आमच्या गावात दुसरा अर्थ नव्हता.

सिनेमाच्या बातम्याही तीच पुरवायची. वाण्याच्या पुडीचा कागद एखाद्या सिनेमाच्या मासिकाचा निघाला की तो ती जपून उलगडायची, हळद झटकायची आणि माझ्यापुढं धरायची. तिला वाचता येत नव्हतं. मी दोन ओळी वाचायची आणि ती त्याला तिखटमीठ लावून वीस ओळी सांगायची. एकदा मी वाचलं की अमुक नट एका सिनेमाचे लाखो रुपये घेतो.

"कायचे?" परबताबाईनं विचारलं.

"नाचाचे, मारामारी कराचे," कौसाबाई म्हणाली.

"अन् त्याच्या नाचात छाट नाही निघत?"

छाट म्हणजे सट्टेदार वाईट म्हणून बाजूला काढतो त्या बिड्या. त्या तो ठेवून घ्यायचा, मजुरी द्यायचा नाही. सपरी इतकी हसली की आमच्या घरातून सासूबाई वाकून बघायला आल्या. पण हसता हसताच बोलणं वळलं. छाट जास्तच निघते का, हजारामागचा भाव शेजारच्या गावात वाढला म्हणतात ते खरं का, सगळ्या मिळून गेलो तर सट्टेदार ऐकेल का. आमची भाववाढीची चर्चा अशी नटाच्या नाचातून निघायची. मंडई झाली की सगळ्या मिळून जायचं, असंही एकदा ठरलं होतं. सून फोनवर एका दमात पगार आणि मालिका बोलते तेव्हा मला म्हणूनच हसू येत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट असेल. त्या वर्षी पोळ्याला सट्टेदारानं टीव्ही आणला.

बांबूला बांबू जोडून अँटेना इतकी उंच चढवली की पोरं म्हणायची, ढगाला टोचते. चित्रापेक्षा मुंग्याच जास्त दिसायच्या. तरी माणसं बसायची. सट्टेदार भला माणूस होता. त्याला नावं ठेवून मला पुण्य मिळणार नाही. त्यानं टीव्ही अंगणात मांडला आणि बायांना सांगून पाठवलं, रविवारी सुपं घेऊन इकडंच या, वळता वळता बघा. गेलो की आम्ही! काय त्या नव्या वस्तूची नवलाई. आठवड्याचे सहा दिवस मालिकेतल्या घराची चिंता आणि सातव्या दिवशी दर्शन. सपरी अजून भरायची, पण आता सगळ्यांनी एकच पाहिलेलं असायचं. पाहिलेली गोष्ट कुणाला सांगायची?

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. सपरीत आम्ही गोल बसायचो. कुणाचं सूप रिकामं, कुणाचा हात थांबला, कुणाचे डोळे सुजलेत, न बघता दिसायचं. टीव्हीपुढं ओळीनं बसलो. सगळ्यांची तोंडं एकीकडं. समोर कुणाचा तरी अंबाडा आणि त्याच्या पुढं पडदा. शेजारणीच्या सुपात काय आहे ते बघायला मान वळवावी लागायची, आणि मान वळवली तर तेवढ्यात काहीतरी निघून जायचं. भाववाढीचं बोलणं कधी बंद झालं तेही आम्हांला समजलं नाही.

कौसाबाईनं आपल्या परीनं झुंज दिली. मालिकेत पुढं काय होणार ते ती सोमवारीच सांगायची. ते रविवारी वेगळंच निघायचं. बाया हसायच्या, तीही हसायची. जुड्या कमी झाल्या, तरी अगदी थांबल्या नव्हत्या. जुन्या सवयीनं कुणी ना कुणी टाकायचं. थांबल्या त्या मंडईच्या आठवड्यात.

गावची मंडई तोंडावर आली होती. घराघरांत पाहुणे. रविवारी सट्टेदाराच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा लागला, आणि पहिल्याच गाण्याला आमच्या ओळीत कुजबूज उठली. "हा तं आपला सिनेमा!" कौसाबाईनं तो आम्हांला मागच्या उन्हाळ्यात सांगितलेला होता. खोट्या आळानं नवरा तुरुंगात जातो, बायको शिवणकाम करून मुलगा वाढवते, झिजते, दवाखान्यात पडते, आणि त्याच दिवशी नवरा सुटतो. कौसाबाईच्या सिनेमात तो धावत येतो, बायको डोळे उघडते, आणि शेवटी तिघं घरी येऊन एका ताटात जेवतात. ते जेवण तिनं असं सांगितलं होतं की परबताबाईसारखी बाई पदरानं डोळे पुसत होती. त्या दिवशी कौसाबाईच्या सुपात प्रत्येकीनं दोन-दोन जुड्या टाकल्या होत्या.

टीव्हीवर नवरा धावत आला. आणि बायको मेलेली होती.

सिनेमा संपला तरी कुणी उठेना. मग परबताबाईचा आवाज आला, "का वो कौसाबाई, हे तं मेली!"

पाहुण्यांसकट सगळं अंगण वळून कौसाबाईकडं बघायला लागलं. परबताबाईची लेक मंडईसाठी आलेली होती. ती म्हणाली, "आई, असल्या खोट्या गोष्टीसाठी बिड्या देत होती काय वो तू?" आणि हशा पिकला. कौसाबाईनं सुपातली पानं सारखी केली. "मले असंच दिसलं होतं," एवढंच ती म्हणाली. तिचा आवाज मी तितका लहान कधी ऐकला नव्हता. मला तेव्हा रागच आला होता, तिचा नव्हे, त्या पोरीचा. पण पाहुणीला बोलायचं कसं, म्हणून मी माझं सूप आवरायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून एकही जुडी पडली नाही. त्याहून वाईट म्हणजे तिच्या कुठल्याच बोलण्यावर कुणी विश्वास ठेवीना. "आज बोटं लय ठनकून रायली," म्हणाली तर "खरंच, का शेवट बदलवला?" "हजार नाही भरत वो," म्हणाली तर "सिनेमात तं भरले होते!" चेष्टा एकदा चालायला लागली की ती कुठं थांबवायची हे कुणाला कळत नाही. माणसं काही दुष्ट नव्हती. गरज सरो नि वैद्य मरो, एवढंच झालं होतं, आणि वैद्याला खोटं ठरवलं की आपल्याला बरंही वाटतं.

मंडईच्या दिवशी दंडार नाचली, जिलेब्या झाल्या. कौसाबाई दिसली नाही. पुढच्याच आठवड्यात कळलं की सट्टेदारानं तिचं पान बंद केलं. मी घरात कुणाला न सांगता पदराखाली चार जुड्या घेऊन तिच्याकडं गेले.

ती गाठोडं बांधत होती. नागपूरकडं वीटभट्टीवर जाणारी टोळी सोमवारी निघणार होती, तिच्याबरोबर सासूला घेऊन जाणार म्हणाली. त्या बोटांनी ती विटा कशा उचलणार होती, देव जाणे. मी जुड्या पुढं केल्या. तिनं त्या घेतल्या नाहीत.

"गोस्ट कोठं सांगतली मी? मंग कायच्या जुड्या?"

मला राहवलं नाही. "कौसाबाई, तुमी तो सिनेमा पाहला होता ना खरंच?"

"पाहला ना. सारेच पाहले." ती गाठोड्याला गाठ मारत म्हणाली. "पन शेवट एकाचाही नाही पाहला."

"काहून?"

"साकोलीवरून येनारी शेवटची मोटार सिनेमा सुटाच्या आंधीच निघे. ते चुकली तं रातभर कोठं राहू? घरी बुडी एकटी. मी मधातूनच उठून, चपला हातात घेऊन पळत होती."

"मंग शेवट?"

"शेवट मी मोटारीत बसल्या बसल्या लावत होती. सानगडी येवस्तोर जमून जाये."

मी थक्क झाले. त्या शेवटच्या मोटारीची वेळ आळीतल्या पोराटोरांना पाठ होती. कौसाबाई उजेडातच गावात उतरायची हे आम्ही सगळ्यांनी दर महिन्याला पाहिलं होतं. तीन तासांचा सिनेमा बघून माणूस त्या मोटारीनं कसं येऊ शकेल, हा प्रश्न एकीलाही पडला नाही. मला, मॅट्रिक झालेलीलाही नाही. गोष्ट इतकी गोड होती की मोटारीकडं कोण बघतो.

"तवा अंगनात काहून नाही सांगतलं मंग? त्यायच्या तोंडावर?"

"काय सांगू? अर्धा सिनेमा पाहून पुऱ्याच्या बिड्या घेतल्या म्हनून?" तिनं गाठ पुन्हा आवळली. सासू कोपऱ्यात बसून आमच्या ओठांकडं बघत होती. "अन् एक सांगू का मास्तरीनबाई? ते बाई मरते हे मले मालूम असतं ना, तरी मी सांगतलं नसतं. तुमाले सकाळी उठून हजार बिड्या वळाच्या रायत होत्या."

मला रडू आलं. मी तिच्यासमोर रडले, आणि तिनं पाण्याचा गडवा माझ्यापुढं सरकवला. घरी येताना मला एकच दिसत होतं की अजून वेळ गेलेली नाही. सट्टेदार भिडस्त माणूस होता. आळीतल्या सगळ्या बाया मिळून त्याच्यापुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कौसाबाईचं पान सुरू करा, हजाराला जे कमी पडेल ते आमच्या सुपांतून भरून देऊ, तर तो नाही म्हणाला नसता. एका शब्दाचं काम होतं. फक्त तो सगळ्यांनी मिळून टाकायला हवा होता, आणि सगळ्या बाया नि सट्टेदार एका जागी असायचे ते आता रविवारी, त्याच्याच अंगणात.

हे लिहिताना हात थांबतो. सून अजून फोनवर आहे, आणि तिच्या मैत्रिणीच्या ऑफिसातून कुणाला तरी काढून टाकलंय असं ऐकू येतं. "अगं हो का? बिचारी," सून म्हणते, आणि घटकाभरानं पुन्हा मालिकेवर येते. तिला मी काय म्हणू? तीही दूर आहे, फोनच्या या टोकाला.

आम्ही तर एका अंगणात होतो. त्या रविवारी मी मुद्दाम पुढं बसले. मालिका सुरू झाली, चालली, आणि मध्ये जाहिराती लागल्या. बाया पाय मोकळे करू लागल्या, सुपं सारखी करू लागल्या. सट्टेदार समोरच खाटेवर बसलेला होता. मी उठले, पडद्याकडं पाठ केली आणि सगळ्यांकडं तोंड करून बोलायला लागले. सगळं सांगितलं. मोटारीचं सांगितलं. मधूनच उठून पळण्याचं सांगितलं. ती बाई मरते हे ठाऊक असतं तरी तिनं काय केलं असतं तेही सांगितलं. "उद्या सकाळी टोळी निघते. आताच सट्टेदाराले आपन साऱ्याजनी म्हनू," मी म्हणाले.

किती दिवसांनी मला सगळ्यांचे चेहरे समोरून दिसत होते. कुणी हसलं नाही. परबताबाईनं हातातली बिडी अर्धीच गुंडाळून धरलेली होती, तिचे ओठ हलले, ती आता बोलणार असं मला वाटलं. सट्टेदारसुद्धा खाटेवर सरळ होऊन बसला.

माझ्या पाठीमागं मालिकेचं संगीत पुन्हा सुरू झालं. एकेका चेहऱ्यावर पडद्याचा निळसर उजेड आला, आणि नजरा माझ्या खांद्यावरून पलीकडं गेल्या. मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, अगदी मायेनं म्हणालं,

"बस ना वो खाली, मास्तरीनबाई. दिसून नाही रायलं."